घरातल्या एखाद्या अगदी साध्या फोटोमागची गोष्ट सांगाल का?

तुम्ही विचारलंय, बघणाऱ्याला ज्यात काहीच विशेष वाटणार नाही असा घरातला एखादा फोटो आणि त्यामागची गोष्ट सांगा. माझ्याकडच्या फोटोत बघणाऱ्याला विशेष वाटतं, पण भलतंच. ज्याला दाखवावा तो आधी विचारतो, "हा माणूस जमिनीत का पुरलाय?"

तीन-साडेतीन इंची चौकोनी फोटो आहे, काळा-पांढरा, भोवती पांढरी किनार. मोकळी जमीन, मागे एक झाड, आणि मधोमध जमिनीतून वर आलेलं एका माणसाचं डोकं. डोक्याला टॉवेल गुंडाळलाय, चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा, आणि तो माणूस तोंडभर हसतोय. ते माझे आजोबा, आईचे वडील. लहानपणी मला वाटायचं, आजोबा पिठाच्या गिरणीत कामाला असावेत. तो पांढरा रंग हळदीचा आहे हे बऱ्याच उशिरा कळलं. काळ्या-पांढऱ्या फोटोत पिवळा रंग असाच फिकट उमटतो.

माझं आजोळ हरिपूर. सांगलीच्या शेजारी, कृष्णा-वारणेच्या संगमावर. सांगलीची हळदीची बाजारपेठ सगळ्यांना माहीत आहे, २०१८ साली इथल्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ती हळद वर्षानुवर्षं राहायची ती हरिपूरच्या जमिनीखाली, पेवांत. आपण सहज म्हणून जातो, "अमक्याचं पेव फुटलंय." ते पेव हेच. रांजणाच्या आकाराचा खोल खड्डा, तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं आणि पोट मोठं. आतून शेणानं सारवायचं, उसाचा पाला घालायचा, हळद भरायची आणि तोंड बंद करून वर माती ओढायची. तिथली माती अशी चिवट की खड्डा ढासळत नाही. पेव बंद झालं की आतला प्राणवायू हळूहळू संपतो, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद टिकते. पण ज्या हवेत कीड जगत नाही तिथे माणूसही जगत नाही. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर थांबायचं.

आजोबा एका अडत दुकानात दिवाणजी होते. दिवाणजीचं काम गादीवर बसून खातं लिहायचं. मग ते पेवात कसे, हे आम्ही कुणी कधी विचारलंच नाही. फोटो अल्बममध्ये होता, त्याला हसायचं आणि पान उलटायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आमचं घर सांगलीच्या गावभागात, तळमजल्यावर. २००५ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं त्याची भिंतीवर खूण होती, आणि सगळ्या गल्लीनं त्या खुणेवर भरवसा ठेवला. आम्ही अल्बमची पेटी खुणेच्या दोन हात वर, कपाटावर ठेवली आणि आईला घेऊन बहिणीकडे विश्रामबागला गेलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. घरी परतलो तेव्हा कपाट आडवं पडलं होतं आणि पेटी गाळात होती.

ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी इथे थोडं थांबते, कारण मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं. ओले फोटो एकमेकांना चिकटलेले असताना वाळू देऊ नका. वाळले की दगड होतात. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत गठ्ठाच बुडवून ठेवा, सुटतील तसे सुटू द्या, ओढू नका. फोटोच्या चेहऱ्याला बोट लावायचं नाही, तिथला जिलेटिनचा थर भिजून फुगलेला असतो आणि सायीसारखा निघून येतो. धुऊन झाले की सावलीत, चेहरा वर करून, सुती कापडावर पसरा किंवा एका कोपऱ्याला चिमटा लावून दोरीवर टाका. फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर काच काढू नका, काचेसकट त्याचा फोटो काढून घ्या. माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा मोठा फोटो मी घाईत काचेपासून सोडवायला गेले आणि आईच्या चेहऱ्याचा अर्धा भाग काचेवरच राहिला. ते माझ्या हातून झालं आणि ते मला अजून खुपतं.

आम्हाला वाटलं होतं, जुने फोटो आधी जातील. झालं उलटं. काळे-पांढरे बहुतेक तगले. १९९० नंतरचे रंगीत, त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये प्लास्टिकखाली दाबून ठेवलेले, ते गेले. लग्नं, बारशी, मुंजी, सगळ्यांचे रंग एकमेकांत उतरले. मागच्या बाजूला शाईनं लिहिलेलं होतं तेही पसरलं. पेन्सिलीनं लिहिलेलं जसंच्या तसं राहिलं.

बहिणीच्या गच्चीवर पत्र्याच्या सावलीत दोऱ्या बांधल्या आणि दोनशेच्या वर फोटो वाळत टाकले. आई खुर्ची टाकून बसली. काही तास तिच्यासमोर ते सगळे चेहरे वाऱ्यावर हलत होते, आणि ती बोलायला लागली.

पोटमाळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा मात्र कोरडा राहिला होता. त्यात निगेटिव्ह होत्या. मामाच्या निगेटिव्ह त्याच्या पश्चात मामीनं माझ्या आईला दिल्या होत्या, त्याही त्यात. कुठला फोटो पुन्हा काढून घेता येईल ते बघायला मी एकेक पट्टी उजेडात धरत होते, आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली. निगेटिव्हच्या कडेला आकडे असतात. आम्हाला घरात जे फोटो जिवाभावाचे वाटत आलेत ते जवळजवळ सगळे शेवटच्या आकड्यांचे निघाले.

त्याचं कारण जुन्या लोकांना लगेच कळेल. मामाकडे ॲग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता, तो बडोद्याला बनायचा. एका रोलमध्ये १२ फोटो. मागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल फिरवायचा, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि खटका दाबायचा. रोल महाग, धुवायचे पैसे वेगळे. त्यामुळे पहिले दहा-अकरा फोटो ठरलेले असायचे. नवरदेव-नवरी, देवापुढचं जोडपं, पाहुण्यांची रांग. सगळे ताठ, सगळ्यांचे हात मांडीवर. मग एखाददुसरा फोटो उरायचा. तो संपल्याशिवाय रोल धुवायला टाकता यायचा नाही. अशा वेळी "रोल संपवून टाक" म्हणून समोर जे असेल त्याच्यावर तो फोटो खर्च व्हायचा. दारातली म्हैस, पत्ते खेळणारे काका, न्हाऊन केस वाळवणारी मावशी. ज्यांचा फोटो कुणी ठरवून काढला नसता अशा माणसांचे आणि वेळांचे फोटो या उरलेल्या आकड्यांनी केले. आजोबांचा हा फोटो मामाच्या मित्राच्या लग्नाच्या रोलमधला १२ वा आहे.

आता आईनं गच्चीवर सांगितलेलं.

साल १९७४. हे नक्की, कारण तेव्हा आई माझ्या भावाच्या बाळंतपणासाठी हरिपूरला होती. त्या फोटोच्या काही दिवस आधी एका पेवात अपघात झाला होता. कंदील न सोडताच एक हमाल घाईनं उतरला आणि आत बेशुद्ध पडला. त्याला दोरीनं वर काढलं, तो वाचला, पण बाकीच्यांनी पेवात उतरायचं सोडून दिलं. मालकानं दम दिला. आजोबा मध्ये पडले. म्हणाले, या लोकांची भीती खरी आहे, दम देऊन ती जाणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून पेव उघडवलं, दुपारपर्यंत उघडं ठेवलं, कंदील सोडला, तो जळतोय हे सगळ्यांना वाकून बघायला लावलं, आणि मग सदरा काढून, टॉवेल गुंडाळून आधी स्वतः उतरले. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे.

ही बातमी घरी पोचली ती आजीच्या कानावर. आजी भाकरी तव्यावर टाकून निघाली. आई सांगते, ती भाकरी मी उतरवली आणि ती करपलेली होती. आजी पेवापाशी पोचली तेव्हा आजोबा वर येत होते, डोकं नुकतंच बाहेर आलं होतं. आजीनं चार माणसांदेखत त्यांना बोलायला सुरुवात केली. एरवी ती चारचौघांत नवऱ्याशी बोलायचीसुद्धा नाही.

"अहो, आधी वर या! घरात पोर बाळंतपणाला आलीय, आणि तुम्हाला हे सुचतंय!"

आजोबा तिथूनच म्हणाले, "कंदील जळतोय की अजून."

मामा लग्नाहून परतत होता, गळ्यात कॅमेरा, आत एक फोटो शिल्लक. त्यानं खटका दाबला.

हे ऐकल्यावर मी फोटो पुन्हा हातात घेतला. पन्नासेक वेळा पाहिलेला फोटो. खालच्या कडेला दोन सावल्या आहेत, त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या. सूर्य पाठीशी घेऊन काढलेला फोटो, त्यामुळे मामाची सावली पुढे पडलीय, कोपरं बाहेर काढलेली. आणि तिच्या शेजारी दुसरी सावली, डोक्यावर पदर घेतलेली, एक हात वर उचललेला. आजोबा कॅमेऱ्याकडे बघून हसत नाहीयेत. त्या हाताकडे बघून हसतायत.

माझ्या आजीचा धडधाकट असतानाचा एकही फोटो आमच्याकडे नाही. जो आहे तो शेवटच्या आजारपणातला. ही सावली तेवढी आहे.

२००५ च्या पुरात हरिपूरच्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, हळद गेली, आणि त्यानंतर व्यापारी गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळले. त्यामुळे आज तिथे नेऊन नातवंडांना हे सगळं दाखवायचं म्हटलं तरी अवघड आहे.

दुसरा फोटो थोडक्यात सांगते. १९९६ ची दिवाळी, ३६ चा रंगीत रोल. रोल नीट बसवला असेल तर ३७ वा फोटो निघायचा, तो हा. रोलचं टोक आल्यामुळे उजवीकडचा भाग कापला गेलाय. बाबा म्हणाले, "संपव आता, धुवायला द्यायचाय," आणि मी रिकाम्या स्वयंपाकघराचा फोटो काढला. ओटा, पालथी घातलेली भांडी, भिंतीवर कालनिर्णय. माणूस एकही नाही. पुरात फोटो गेला, निगेटिव्ह राहिली. स्टुडिओत ती स्कॅन करून मोठी करून पाहिली तेव्हा कालनिर्णयच्या एका चौकटीत बाबांचं अक्षर दिसलं: "नवा गॅस. जुना ४१ दिवस." बाबा सिलिंडर लावला की तारीख टाकायचे आणि आधीचा किती दिवस पुरला ते लिहायचे. ते २०११ मध्ये गेले. त्यांच्या डायऱ्या होत्या, पत्रं होती, ती सगळी त्याच कपाटात होती आणि लगदा झाली. त्यांच्या हातचं लिहिलेलं आता आमच्याकडे एवढंच आहे. भावानं ती चौकट तेवढी मोठी करून घेतलीय, त्याच्या पाकिटात असते.

गच्चीवरच्या दोऱ्यांचा फोटो माझ्या भाचीनं मोबाइलवर काढला होता. तो मागितला तर तिनं तशाच दोरीचे सत्तावीस फोटो पाठवले. त्यातला एक ठेवला, ज्यात आई खुर्चीतून पुढे वाकून एका फोटोकडे बोट दाखवतेय.

त्यानंतरच्या वर्षभरात मी दर रविवारी आईपाशी बसून फोटोंच्या मागे लिहून काढलं. मऊ पेन्सिल, हलका हात, कोण, कुठे, कधी. आईला आता नीट दिसत नाही, पण फोटो हातात दिला की किनारीवरून बोट फिरवून ती कुठल्या घरचा ते ओळखते. आजोबांच्या फोटोमागे मी लिहिलं होतं, "आजोबा, हळदीचं पेव, हरिपूर, १९७४." तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "अर्धंच लिहिलंस. आईचं नाव आधी घाल. फोटोत तीही आहे."