आधी वायर खरवडून बघ

भावा, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या दुकानाला सीसीटीव्ही कॅमेरे बसवतोयस, बरं केलंस. पण नुसत्या मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नकोस. आधी वायरचा तुकडा मागून घे, सोल आणि ब्लेडनं तार खरवड. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, घेऊच नकोस. माझ्या गोदामात असलीच वायर घातली होती. दुसऱ्या पावसाळ्यात चित्रावर पट्ट्या यायला लागल्या.

डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात, साधी कॉम्प्युटरची हार्डडिस्क नको, सर्व्हिलन्सची, म्हणजे कॅमेऱ्यांसाठीचीच माग. ती २४ तास लिहिण्यासाठी बनवलेली असते. हिशेब कर: ४ कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट रेकॉर्डिंग), म्हणजे दिवसाला साधारण ८६ जीबी. १ टीबी अकरा-बारा दिवसांत भरते आणि जुनं पुसलं जातं. माल गेलेला पंधरा दिवसांनी कळला तर? २ टीबीच घे.

बाहेरचा कॅमेरा आयपी६७, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा बघ, वायरचे जोड डब्यात बंद कर. डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवू नकोस, पोटमाळ्यावर कुलपात ठेव. २०१९ चा महापूर आठवतो ना? बसवणारा गेला की लगेच पासवर्ड बदल. आणि पूर्ण पैसे देण्याआधी रात्री दिवे मालवून शटरसमोर उभा राहा, रेकॉर्डिंगमध्ये चेहरा ओळखू येतो का बघ.