मुलांच्या हातात कवटी का?

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. मागच्या महिन्यात बॉट्सफर्डचं सेंट मेरी चर्च बघायला गेलो, तिथे रटलंडच्या अर्ल घराण्याची (अर्ल म्हणजे इंग्लंडमधला सरदारकीचा किताब) मोठमोठी थडगी आहेत. वर नवराबायकोचे हात जोडून झोपलेले पुतळे आणि खाली त्यांची मुलं गुडघे टेकून बसलेली. एका थडग्यावर दोन मुलांकडे कवटी बघून माझी आठ वर्षांची लेक दचकली आणि घरी येईपर्यंत "असं का" विचारत राहिली, मला काही सांगता आलं नाही. आणि हे चेहरे त्या माणसांचे खरे चेहरे असतात का?

उत्तर : ताई, लेकीला सरळ सांगा, ज्याच्या हातात कवटी ते मूल आईबाबांच्या आधी गेलं. त्या काळची ही ठरलेली खूणच होती. तुम्ही बघितलेली दोन मुलं सहाव्या अर्लची, तो १६३२ मध्ये वारला म्हणजे एलिझाबेथ राणीच्या ट्यूडर घराण्याचा काळ संपून तीस वर्षं होत आली होती, पण पद्धत तीच. दोघंही लहानपणीच गेले आणि ते चेटकामुळे गेले असं त्या थडग्यावर चक्क कोरलंय. त्या आरोपावरून १६१९ मध्ये लिंकनला दोन बहिणींना फाशी दिलं, मला ते थडगं आठवलं की त्या दोघी पण आठवतातच.

एलिझाबेथ राणीच्या काळातली थडगी बघाल तर बऱ्याचदा मुलगे बापाच्या बाजूला, मुली आईच्या बाजूला, उंचीप्रमाणे ओळीत, आणि मधेच एखादं दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ. जन्मून काही दिवसांत गेलेलं मूलसुद्धा घरच्यांनी मोजलंय, वगळलं नाहीये, मला तर ते बाळ दिसलं की पुढे जाववत नाही.

आधी थडग्यावर लिहायचे की आमच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा. धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंडचं चर्च पोपपासून वेगळं झाल्यावर, मेलेल्यांसाठी प्रार्थना बंद झाली, मठ मोडले, मूर्ती फुटल्या आणि त्या फोडाफोडीत थडगीही तुटायला लागली म्हणून राणीने १५६० मध्ये जाहीरनामा काढून ते थांबवायला सांगितलं. मग थडग्यावर उरलं काय, तर घराणं, म्हणजे कोण कुणाचा, लग्न कुठल्या घरात झालं, मुलं किती. म्हणूनच थडग्यांवर घराण्याची चिन्हं असलेल्या ढाली एवढ्या असतात आणि त्यावरची चिन्हं अगदी बिनचूक लागायची. चेहऱ्याचं तसं नव्हतं, ते बहुतेक वेळा कारखान्याच्या ठरलेल्या साच्यातले.

आता कारखाना म्हणजे काय ते तुमच्या बॉट्सफर्डवरूनच सांगतो. पहिल्या अर्लचं थडगं बर्टनच्या रिचर्ड पार्करने केलं, पण तिसऱ्या आणि चौथ्या अर्लची दोन्ही गेरार्ड जॉन्सनने, हा नेदरलँड्समधून आलेला, लंडनला साऊथवर्कमध्ये त्याचं काम चालायचं. तिथून ती जहाजाने बोस्टनपर्यंत, म्हणजे लिंकनशरचं बोस्टन, आणि पुढे गाड्यांवर लादून चर्चपर्यंत आणली. दगड बहुतेक अ‍ॅलाबास्टर, डर्बीशर-स्टॅफर्डशरकडचा, एवढा मऊ की नखाने ओरखडा उठतो, त्यामुळे कॉलरच्या चुण्या, चिलखताच्या कड्या बारीक कोरता येतात. पण त्याच मऊपणामुळे नंतरच्या लोकांनी कित्येक पुतळ्यांवर आपली नावं कोरून ठेवलीत, बघून जीव तुटतो. त्यावर रंग आणि सोन्याचा मुलामा द्यायचे, आज दिसतो तो काही ठिकाणी नंतर पुन्हा दिलेला असतो.

लेकीला एकदा वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये न्या, तुमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या बीचम चॅपल या दालनात रॉबर्ट डडली, म्हणजे एलिझाबेथ राणीचा लाडका सरदार, आणि त्याची बायको लेटिस यांचं भलंमोठं थडगं आहे, ते बघाच, पण त्याच चॅपलमध्ये त्यांचा मुलगा एकटा झोपलाय. १५८४ मध्ये गेला, तीन वर्षांचा होता. त्याच्यावर 'नोबल इम्प' असं लिहिलंय, तेव्हा 'इम्प' या शब्दाचा अर्थ घराण्याचा कोवळा अंकुर असा होता. त्याला चिलखत नाही, त्या वयाची मुलं घालायची तसा पायघोळ झगा घातलाय.