थाळी वाजवून कान तपासू नका

कान आणि वाचेबद्दल येणाऱ्या पत्रांत तेच ते घोळ पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून ही उत्तरं.

प्रश्न : मोबाइलवर रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज परका का वाटतो?

बोलताना आपला आवाज हवेतून जातो तसा कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानात पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांची वाट नसते. काळजी नको.

प्रश्न : मळ काढायला कोमट तेल आणि इयरबड चालेल?

नाही. काडीने मळ आत दाबला जातो. कान दडपला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून काढून घ्या.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांचा आहे, अजून ‘बाबा’ म्हणत नाही. थाळी वाजवली की वळतो. सासूबाई म्हणतात, याचे वडीलही उशिराच बोलले, वेखंड चाटव. थांबू का?

एक दिवसही नको. बहिरं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, म्हणून घरच्यांना शंका येत नाही. थाळीचा दणका मोठा असतो. शिवाय तुमचा हात हलतो, फरशी थरथरते, त्यानेही मूल वळतं. ‘स’, ‘श’ हे आवाज हलके आणि उंच पट्टीचे. थाळी ऐकणाऱ्या मुलाला तेच ऐकू येत नसतील, तर शब्द त्याच्यापर्यंत अर्धामुर्धाच पोचतो. आतल्या कानात शंखासारख्या नळीच्या अडीच वेढ्यांत आवाज टिपणाऱ्या, केसांसारख्या टोकांच्या पेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि वेखंड तिथवर जात नाही. खरं तर बाळाच्या पहिल्या महिन्यात कानाची चाळणी तपासणी (स्क्रीनिंग), तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. बेरा चाचणी करा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते कळेल. मूल झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवतात, दुखत नाही. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. ऐकणं नीट निघालं तर उत्तमच, मग न बोलण्याचं दुसरं कारण वाचा-उपचारतज्ज्ञ शोधतील. पण ‘वडीलही उशिरा बोलले’ या एका वाक्यावर मुलांची वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : बाबांसाठी जाहिरातीतलं दोन हजारांचं कानाचं मशीन मागवू का?

असली यंत्रं बहुधा भांड्यांचा खणखणाट आणि नातवाचं बोलणं सरसकट वाढवतात. आधी ऑडिओग्राम काढा, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो याचा आलेख. ‘तपासणीची गरज नाही’ असं सांगणाऱ्याला फक्त विकायचं असतं.

प्रश्न : काल सकाळी उठल्यापासून एका कानाने ऐकू येत नाही. सर्दीने असेल?

असेलही. पण आतल्या कानाची नस अचानक बिघडली असेल तर स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिलं तरच होतो. पत्राचं उत्तर यायची वाट बघायला नको होती. आजच डॉक्टरांकडे जा.