वाचकांचे प्रश्न : दादरचा मिक्सर न्यू जर्सीला चालेल का?

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला, एडिसनजवळ, जाते आहे. माझा 750 वॉटचा मिक्सर आणि इलेक्ट्रिक किटली सोबत न्यावी असं मनात आहे. खारीक, खोबरं, पुरण, सगळ्यासाठी याच मिक्सरवर हात बसलाय. दुकानदार म्हणतो, "काकू, फक्त पिन बदलायची, अ‍ॅडाप्टर घ्या." जावई म्हणतात, आणूच नका. कुणाचं ऐकू? — एक वाचक, दादर

उत्तर : जावयांचं ऐका. अ‍ॅडाप्टरने फक्त पिनेचा आकार बदलतो. आपल्या तीन गोल पिना तिथल्या चपट्या भोकांत बसतात, एवढंच. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट येतात, अमेरिकेत 120. व्होल्ट काही अ‍ॅडाप्टर बदलत नाही.

मी परळला 32 वर्षं मोटारी रिवाइंड करतो, त्यामुळे तुमच्या मिक्सरचं तिथे काय होईल ते सांगतो. रिकामा जार लावलात तर तो फिरेल, पण मरगळल्यासारखा. खारीक टाकली की पातं अडकेल. मोटर अडली की तिच्याच शाफ्टवरचा पंखाही थांबतो, म्हणजे वारा बंद आणि करंट चालू. वाइंडिंग, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, तापत जातं. जास्त ताण आला की वीज तोडणारं बुडाचं लाल बटण उडालं तर नशीब. ते दाबून पुन्हा पुन्हा चालवलात तर वाइंडिंगचं वार्निश जळल्याचा वास येईल. तिथे विजेची आवर्तनं सेकंदाला 60 (हर्ट्झ) आणि इथे 50 हे कुणी सांगेल, पण मिक्सरच्या कार्बन ब्रशच्या मोटरला त्याचं काही नाही. फ्रिज किंवा टेबल फॅनला मात्र फरक पडतो.

किटलीचं गणित निराळं. व्होल्ट जवळजवळ निम्मे झाले की उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. इथली 1500 वॉटची किटली तिथे 400 वॉटची होऊन बसते. इथे लिटरभर पाणी चार मिनिटांत उकळतं, तिथे पाव तास तरी सहज जाईल. ओल्या बाळंतिणीला गरम पाणी हवं असताना ताटकळत कशाला बसायचं? तिथली साधी किटली घ्या.

120 चे 230 व्होल्ट करणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लोहार चाळीत मिळतो, पण मोटर सुरू होताना दणकून करंट ओढते. म्हणून 750 वॉटच्या मिक्सरला किमान 1500 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची ताकद) लागेल, आणि तो तांब्या-लोखंडाचा गोळा असतो. एका बॅगेच्या 23 किलोंतला केवढा तरी वाटा तोच खाईल. त्या जागेत डिंक, अळीव आणि गोडंबी न्या.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण हा सल्ला तिथे कुणीतरी देतोच. अमेरिकेत कपडे वाळवायच्या यंत्रासाठी 240 व्होल्टचा सॉकेट असतो. "त्यावर लावून टाका" असं कुणी म्हणालं तर अजिबात ऐकू नका. तिथे दोन्ही तारा जिवंत असतात, 120-120 च्या. आपल्या मिक्सरचा स्विच सहसा एकाच तारेत असतो, म्हणजे बंद केल्यावरही आत वीज शिल्लक. शिवाय त्या लाइनचा ब्रेकर साधारण 30 अँपिअरचा असतो. मिक्सरची बारीक वायर त्याआधीच पेटेल. घरात तान्हं बाळ आहे.

मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर खुशाल न्या. त्यांवर बारीक अक्षरांत "100-240" छापलेलं असतं, त्यांना तो अ‍ॅडाप्टर पुरतो. ऐकण्याचं यंत्र किंवा बीपीचं यंत्र असेल तर त्याच्या चार्जरवरही हेच आकडे बघा.

परतताना मुलगी हौसेने काही विजेचं देईल, तेव्हा तर जास्त जपा. माझी बहीण 2009 साली शिकागोहून 120 व्होल्टचा हँड ब्लेंडर घेऊन आली. मी दुकानात होतो, आईने पिन बदलून लावला. क्षणभर किंचाळल्यासारखा फिरला, ठिणगी उडाली, स्वयंपाकघर धुराने भरलं. आईला काही झालं नाही, पण संध्याकाळपर्यंत तिचे हात थरथरत होते. तेव्हापासून गिऱ्हाइकाने परदेशी वस्तू काउंटरवर ठेवली की मी आधी ती उलटी करून व्होल्ट लिहिलेली पट्टी वाचतो.

मिक्सरची सोय सोपी आहे. आपल्याच कंपन्या अमेरिकेसाठी 110 व्होल्टचे मिक्सर बनवतात, तेच ओले-सुके जार आणि चटणीचं भांडं. एडिसनचा ओक ट्री रोड म्हणजे देशी दुकानांची रांगच आहे, मुलीला तिथे चौकशी करायला सांगा. घेण्याआधी मिक्सरच्या बुडाच्या पट्टीचा फोटो मागवा. 110 किंवा 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ दिसलं की पैसे द्यायला सांगा.