काबा पाहून काहीच वाटलं नाही तर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही आणि तुमची बायको पुढच्या महिन्यात रत्नागिरीहून पहिल्यांदाच उमऱ्याला, म्हणजे हजखेरीज मक्केच्या छोट्या यात्रेला, निघालाय. जो तो सांगतोय की काबा दिसला की डोळ्यांचं पाणी थांबत नाही. तुम्ही विचारताय: मला रडूच आलं नाही, मन कोरडंच राहिलं, तर उमरा फुकट गेला का? आणि मन तयार व्हावं म्हणून आत्तापासून काय करू?

फुकट अजिबात जात नाही. इहराम (उमऱ्याची नियत, म्हणजे संकल्प, आणि त्याची बंधनं; पुरुषांना दोन न शिवलेल्या चादरी), तवाफ (काब्याभोवती सात फेऱ्या), सई (सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात खेपा) आणि शेवटी केस काढणं, या चार गोष्टी नीट झाल्या की उमरा झाला. रडण्याचा त्यात कुठं उल्लेख नाही. उलट ज्याला आधीच सांगून ठेवलंय की ‘बघ हां, रडू येईल’, तो काब्यासमोर उभा राहून स्वतःच्या डोळ्यांवरच पहारा देत बसतो.

मन का लागत नाही याची कारणं लोक फार खोल शोधतात. बहुतेकदा ती अगदी साधी असतात: झोप नाही, पोटात धड काही नाही, मांड्या घासल्यात, लघवीला लागलीय आणि ग्रुपचा झेंडा गर्दीत दिसेनासा झालाय. हिशेब करून बघा. रत्नागिरी ते मुंबई रात्रभर, उड्डाणाच्या चार तास आधी विमानतळ, साडेपाच तास विमान, जेद्दाला इमिग्रेशनची रांग, पुढे मक्केपर्यंत सुमारे ८० किलोमीटर बस. खोलीची चावी मिळेपर्यंत माणूस दीड दिवस धड झोपलेला नसतो, आणि गाइड म्हणतो, ‘सामान टाका, अर्ध्या तासात खाली या.’ इथं नम्रपणे नाही म्हणा. इहराममध्ये झोपता येतं, जेवता येतं. इहराम शिळा होत नाही, फक्त त्याची बंधनं चालू राहतात. सहा तास झोपा, पोटभर जेवा, ताजा वजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) करा आणि मग निघा. मुंबईहून जहाजं जायची तेव्हा आठवडाभर समोर नुसता समुद्र असे, मनाला निवायला वेळ मिळे. ती जहाजं १९९५ साली बंद झाली. आता तो वेळ आपला आपणच काढायला लागतो.

मनाची तयारी म्हणाल तर ती घरातूनच सुरू करा, आणि तिचा पहिला भाग माफीचा. निघण्याआधी ‘कहा-सुना माफ’ म्हणायची आपली रीत चांगली आहे, पण ती आता व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर आलीय. पाचशे जणांना एकच मेसेज गेला की ज्या दोघांची खरंच माफी मागायची असते तेच नेमके सुटतात. ज्या भावाशी जमिनीवरून बोलणं बंद आहे, ज्याचे वीस हजार देणं आहे, त्याच्या दारात जा. अल्लाहचा हक्क चुकला तर तौबा आहे. माणसाचा हक्क मारला असेल तर तो त्या माणसाकडेच फेडावा लागतो. हे एक काम झालं तर पुढं काब्यासमोर मागताना जीभ अडखळत नाही.

दुसरा भाग अर्थाचा. तलबिया, म्हणजे इहराममध्ये म्हणायची ‘लब्बैक’ची हाक, सगळ्यांना पाठ असते, पण ‘लब्बैक’ म्हणजे काय, हे मनात उतरलेलं नसतं. शाळेत मास्तरांनी नाव पुकारलं की आपण ‘हजर’ म्हणायचो, तोच तो शब्द. तुम्हाला बोलावलंय आणि तुम्ही सांगताय, हजर आहे, या अल्लाह, हजर आहे, तुझा कोणी शरीक (भागीदार) नाही. हे कळून म्हटलं की विमानातली तलबिया वेगळीच लागते. तवाफ सुरू केला की ती थांबवायची.

आता इहराम. विमान थेट जेद्दाला जात असेल तर मीकात, म्हणजे इहराम बांधूनच ओलांडायची हद्द, हवेतच येते. आधी घोषणा होते, पण निम्मे लोक त्या वेळी गाढ झोपलेले असतात. म्हणून चादरी मुंबईतच नेसून घ्या आणि झोप लागेल अशी धास्ती असेल तर विमानात बसल्याबसल्या नियत करून टाका. मीकातच्या आधी नियत केलेली चालते. नियतीशिवाय मीकात ओलांडली तर मात्र परत मीकातला जावं लागतं, नाहीतर दम, म्हणजे हरमच्या, म्हणजे मक्केच्या पवित्र हद्दीत एक बकरा. सगळ्यात हमखास होणारी चूक म्हणजे इहरामच्या चादरी मोठ्या बॅगेत राहतात आणि ती बॅग विमानाच्या पोटात जाते. त्या हातातल्या पिशवीतच ठेवा. ग्रुप आधी मदिनेला जाणार असेल तर साध्या कपड्यांत जा. मक्केला निघताना मदिनेबाहेर ज़ुल हुलैफाला, ज्याला बीर अलीही म्हणतात, तिथं इहराम बांधायचा.

लुंगीची सवय असलेल्या कोकणी माणसाला इज़ार, म्हणजे कमरेची चादर, जड जात नाही. घोळ होतो तो आत काही शिवलेलं घालता येत नाही याचा. तवाफ आणि सई मिळून चार-पाच किलोमीटर सहज होतात, वरच्या मजल्यावरून केलं तर जास्तच. त्यात मांड्या सोलवटतात. बिनवासाचं व्हॅसलिन आधीच लावून ठेवा. बिनवासाचंच, कारण नियतीनंतर खुशबू बंद. हॉटेलचा साबण आणि विमानात देतात तो ओला टिश्यू दोन्ही वासाचे असतात, ते टाळा. नियतीआधी अंगाला अत्तर चालतं, चादरीला लावू नका.

वहिनींची तारीख त्या दिवसांत येत असेल तर संकोचानं इहरामची नियत टाळू नका. नियत आणि तलबिया त्या अवस्थेतही करायची असते. फक्त तवाफ थांबतो. पाक झाल्यावर गुसल (पूर्ण आंघोळ) करून तवाफ करायचा. गोळ्या घ्यायच्या असतील तर त्या निघायच्या आदल्या दिवशी नव्हे, महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून.

आता काबा दिसायचा क्षण. पहिल्या नजरेला मागितलेली दुआ कबूल होते, हे घरोघरी सांगतात. त्याबद्दलची रिवायत, म्हणजे पैगंबरांच्या नावानं सांगितलेलं कथन, कमजोर असल्याचं हदीसचे जाणकार सांगतात. दुआ जरूर मागा, पण परीक्षेच्या पेपरसारखं दडपण घेऊ नका. दहा गोष्टी ठरवून गेलेल्याला ऐनवेळी एकही आठवत नाही. एकच ठरवा आणि ती मराठीत ठरवा. नमाजबाहेरची दुआ कुठल्याही भाषेत चालते. आईशी ज्या भाषेत बोलता त्या भाषेत मागितलेलं खोटं होणं कठीण.

तवाफमध्ये प्रत्येक फेरीची वेगळी दुआ छापलेली पुस्तिका मिळते. ती बॅगेतच राहू द्या, हे माझं स्पष्ट मत. फेरीनिहाय अशी दुआ ठरवून दिलेलीच नाही. पुस्तिका वाचणारा खाली बघतो, पुढच्याच्या टाचेवर पाय देतो आणि न कळणारे शब्द घाईनं संपवतो. रुक्ने यमानी (काब्याचा एक कोपरा) ते हजरे अस्वद (पुढच्या कोपऱ्यातला काळा दगड) एवढ्या टप्प्यात ‘रब्बना आतिना फिद्दुनिया हसनतंव्...’ ही दुआ आहे, ती सगळ्यांना येते. बाकीच्या वेळात एकेक फेरी एकेकासाठी वाटून घ्या: पहिली आईवडिलांची, दुसरी मुलांची, तिसरी ज्याच्यावर अन्याय केला त्याची, असं काहीही. मन भरकटलं तरी पुढच्या फेरीला परत येतं, आणि मोजणीही चुकत नाही. मोजणीत शंका आलीच तर कमी आकडा धरा.

काबा डाव्या हाताला ठेवून हजरे अस्वदच्या रेषेपासून सुरुवात. त्या रेषेसमोर मशिदीच्या भिंतीवर हिरवा दिवा आहे. पुरुषांनी उजवा खांदा उघडा ठेवायचा आणि पहिल्या तीन फेऱ्या जमल्यास झपझप चालायच्या. काब्यालगतच्या हतीम या जागेच्या अर्धगोल भिंतीच्या बाहेरूनच जायचं, आतून गेलं तर ती फेरी धरत नाहीत. सात झाल्या की खांदा झाका आणि दोन रकात नमाज पढा. मकामे इब्राहिमच्या, म्हणजे हजरत इब्राहिम ज्यावर उभे राहिले त्या दगडाच्या, अगदी मागेच पढायचा हट्ट नको, मशिदीत कुठंही होतात. हजरे अस्वदला हात पोचत नसेल, आणि बहुधा पोचत नाहीच, तर लांबून हात करून ‘बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर’ पुरतं. तिथं खुशबू लावलेली असते, म्हणून इहराममध्ये लांब राहिलेलंच बरं. चुंबन सुन्नत आहे आणि कोपरानं माणसं बाजूला सारणं गुनाह आहे, एवढा हिशेब गर्दीत विसरला जातो. दुसरे खलिफा हजरत उमर त्या दगडाला काय म्हणाले ते बुखारी या हदीससंग्रहात आहे: तू एक दगड आहेस, तुझ्यानं ना नुकसान ना फायदा, रसूलुल्लाहंना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं.

तुम्ही रत्नागिरीचे, म्हणजे बहुधा शाफई (हा आणि हनफी, हे धर्माचे नियम सांगणारे दोन मजहब). ग्रुपचा गाइड हनफी असेल तर तो एक गोष्ट सांगणार नाही: शाफई मताप्रमाणे गैरमहरम (ज्यांचं आपसात लग्न होऊ शकतं अशा) स्त्री-पुरुषांची कातडी एकमेकांना लागली की वजू जातो, आणि यात नवरा-बायकोही आले. हनफी जोडपी हातात हात घालून तवाफ करतात, ते बघून तुम्ही करू नका. एकमेकांचा हात धरण्याऐवजी पर्सचा पट्टा किंवा बाही धरा. गर्दीत अनोळखी हात लागणारच. त्यासाठी बरेच शाफई आलिम हनफी मतावर चालायची मुभा देतात, पण मग वजूही हनफी पद्धतीनं पुरा असायला हवा. निघण्याआधी आपल्या मौलानांकडून हे नीट समजून घ्या. तिथं मताफमध्ये, म्हणजे तवाफच्या जागेत, वजू राहिला की गेला, या विचारात सात फेऱ्या निघून जातात.

ज़मज़मचं पाणी सईच्या आधी प्या, पण दोन ग्लास. भक्तीच्या भरात सहा ग्लास पिणाऱ्याला मरवावर पोचेपर्यंत बाहेर पळावं लागतं आणि परत यायला अर्धा तास जातो.

सईत सफा ते मरवा एक फेरी, मरवा ते सफा दुसरी. सातवी मरवावर संपते. जाऊन-येऊन एक धरणारे चौदा फेऱ्या मारून बसतात. सगळं मिळून साधारण तीन किलोमीटर. मध्ये हिरव्या दिव्यांचा पट्टा येतो, तिथं पुरुषांनी धावल्यासारखं चालायचं. बायकांनी नाही. आता गंमत बघा: तिथं धावली होती एक बाई. हजरत इब्राहिमच्या पत्नी हजरत हाजरा, तान्हं पोर खाली ठेवलेलं, पाण्याचा थेंब नाही. तिच्या धावण्याची नक्कल कयामतपर्यंत पुरुष करणार आहेत आणि बायका मात्र चालणार, कारण त्यांच्या वाट्याचं ती आधीच धावून गेली, असं मला वाटतं. आणि पाणी निघालं ते ना सफावर ना मरवावर. जिथं ती धावलीच नव्हती, तिथं पोरापाशी. मन कोरडं आहे म्हणून ज्याला धास्ती वाटते त्याने हे चालताना आठवावं. तिलाही सातव्या फेरीपर्यंत काही मिळालं नव्हतं.

मरवापाशी कात्री घेऊन कोणी चार केस कापून देतं. शाफईंना तीन केसही पुरतात, हनफींना निदान चौथाई डोक्याचे बोटाच्या पेराएवढे हवेत. पुरुषांनी सरळ हजाम गाठून डोकं करून घ्यावं, तेच अफजल (जास्त चांगलं). वहिनींनी खोलीत वेणीच्या टोकाचं पेरभर कापायचं. त्याआधी वासाच्या साबणानं आंघोळ करायची नाही. केस निघेपर्यंत इहराम सुटलेला नसतो.

खरं सांगायचं तर मन लागलं तर ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतं. पण तेव्हा ग्रुपवाले नवा इहराम बांधायला हरमच्या हद्दीबाहेरच्या मस्जिदे आयशाच्या खेपा सुरू करतात, रोज एक उमरा, मुलाच्या नावाचा, मामाच्या नावाचा. मनाई नाही, पण त्यापेक्षा साध्या कपड्यांत नफील (ऐच्छिक) तवाफ करा आणि नुसतं बसा. खालचा मताफ बहुधा इहरामवाल्यांनाच देतात, म्हणून वर जा आणि फजरनंतर (पहाटेच्या नमाजानंतर) कठड्यापाशी जागा धरा. खाली सफाईवाले दोरी ताणून संगमरवराचा एक तुकडा अडवतात, पाणी ओततात, पुसतात, दोरी पुढं सरकवतात. माणसांचा लोंढा त्यांना वळसा घालून फिरतच राहतो. त्या सफाईवाल्यांत बरेच आपल्याच उपखंडातले. सलाम करा, हात मोकळे असतील तर दोन शब्द बोला.

जवळजवळ प्रत्येक फर्ज (बंधनकारक) नमाजनंतर ‘अस्सलातु अलल अमवात’ अशी हाक येते. नवीन माणसं लगेच सुन्नत नमाजला उभी राहतात आणि ती हुकते. थांबा, ती जनाज़्याची नमाज आहे: उभ्या-उभ्या चार तकबीर, रुकू (वाकणं) नाही, सजदा (माथा टेकणं) नाही. कोण गेलंय, कुठल्या मुलखाचं, काही कळत नाही. तुमच्या अंगावर दोन न शिवलेल्या चादरी असतील तेव्हा ही नमाज जरूर पढा. पुढं ठेवलेल्या माणसाच्या अंगावरही तशाच आहेत.

राहिली गोष्ट नावांची. ‘माझ्यासाठी दुआ कर’ म्हणणारे निदान चाळीस जण भेटतील. फोनमध्ये लिहू नका, फोन उघडला की त्यात दुसरंच काही उघडतं. एका कागदावर पेन्सिलीनं नावं लिहा, समोर दोन शब्दांत काय हवं ते: नोकरी, गुडघा, पोरीचं लग्न. रोज कठड्यापाशी बसून पाच-सहा नावं घ्या आणि खूण करत जा. परतल्यावर मोहल्ल्यातली एखादी म्हातारी विचारणारच, माझ्या गुडघ्याचं मागितलंस का रे.