वाचक विचारतात : ‘दूध’ बरोबर, मग ‘दूधात’ का चुकतं?

प्रश्न : चौथीची मुलं ‘दूध’, ‘फूल’, ‘बहीण’ बिनचूक लिहितात, पण वाक्यात ‘दूधात’, ‘फूलाला’, ‘बहीणीने’ करतात. प्रत्यय लागला की शेवटून दुसऱ्या अक्षरातली दीर्घ वेलांटी किंवा उकार ऱ्हस्व होतो, हा नियम तर सगळ्यांना पाठ आहे. (एक शिक्षिका)

उत्तर : मूल पाठ झालेला ‘दूध’ तसाच ठेवून त्याला नुसता प्रत्यय चिकटवतं. सुट्या शब्दांच्या श्रुतलेखनात ही चूक दिसतच नाही. म्हणून शब्द पहिल्यापासून जोडीने द्या : दूध–दुधात, मीठ–मिठाने, विहीर–विहिरीत, जमीन–जमिनीवर, ऊस–उसाला. रोज पाच जोड्या पुरे. आधी मोठ्याने म्हणून घ्या. ‘दूध’मधला ऊ लांबतो, ‘दुधात’मध्ये आखडतो, हे कानाला कळल्यावरच फळ्यावर लिहा आणि दुसऱ्या उकाराचं काय झालं ते विचारा. नियम मुलंच सांगतील. ‘उपान्त्य’ (शेवटून दुसरं अक्षर), ‘सामान्यरूप’ (प्रत्यय लागताना शब्दाचं होणारं रूप) हे शब्द इतक्यात काढू नका. चुकीचं रूप फळ्यावर लिहून त्यावर काट मारणंही टाळा. डोळ्यांत तेच राहतं.

नियम कळला की काही मुलं ‘नदिला’, ‘चाकुने’ लिहू लागतात. तेव्हा शेवटच्या अक्षराकडे बोट दाखवा : तिथली दुसरी वेलांटी, दुसरा उकार हलत नाही. नदीला, चाकूने. अडचण खरी येते ती ‘शरीर’, ‘गीत’, ‘दूत’ अशा संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांची. शरीरात, गीतात, दूताला. इथे दीर्घ ते दीर्घच. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतच हा अपवाद आहे. चौथीत त्याचं कारण सांगत बसू नका, अशा सहा-सात शब्दांची पट्टी भिंतीवर लावा. ‘पाऊस–पावसात’ तूर्त बाजूला ठेवा. तिथे ‘ऊ’चा ‘व’ होतो, ती गोष्ट वेगळी.

श्रुतलेखन वाक्यांचंच घ्या (‘विहिरीत पाणी आहे’) आणि तपासताना फक्त ही एक चूक गोल करा. सगळीच वही लाल झाली तर मूल काहीच पाहत नाही.

प्रश्न : मुलाकडून रोज पानभर शुद्धलेखन उतरवून घेतो, तरी चुका तशाच. (एक पालक)

उत्तर : अक्षर बघून अक्षर उतरवताना शब्दाकडे लक्षच जात नाही. पाचच ओळी द्या. एक वाक्य वाचायचं, पुस्तक झाकायचं, लिहायचं, मग उघडून स्वतः ताडून पाहायचं. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावू नका. दुसऱ्या दिवशी तोच शब्द नव्या वाक्यात घाला.