रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

बेटा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मागच्या पावसाळ्यात जुलाब झाले, ते थांबले पण पोट दुखायचं काही थांबलं नाही, आठ महिन्यांत तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफीत लसिकाग्रंथींच्या (लिम्फ नोडच्या) छोट्या गाठी आणि ग्रेड वन फॅटी लिव्हर, रक्तात लायपेज (स्वादुपिंडाचं एन्झाइम) ७८, एंडोस्कोपीत हलकी सूज, आणि शेवटच्या डॉक्टरांनी सांगितलं सगळं ठीक आहे, टेन्शन घेऊ नका. नवरा म्हणतो आता फाइल बंद कर, सासूबाई म्हणतात मनाचं आहे, आणि तू मला विचारतेस, मावशी, मी नाटक करतेय का?

नाही गं. अजिबात नाही.

काय झालंय सांगू, तुझे दोन प्रश्न एकात मिसळलेत. एक म्हणजे काही भयंकर तर नाही ना, आणि दुसरा म्हणजे मग दुखतंय कशानं. आत्तापर्यंतच्या टेस्टनी पहिल्याचं बरंचसं उत्तर दिलंय आणि ते चांगलं आहे. दुसऱ्याचं उत्तर मशीनमधून कमीच निघतं, ते तुझ्या सांगण्यातून निघतं, आणि तेच नीट ऐकायला कोणाला वेळ मिळालेला दिसत नाही.

आधी त्या लायपेजचं, कारण त्याच्यामुळे तू रात्र रात्र मोबाइल घेऊन बसतेस. लॅबची रेंज साधारण निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्के लोकांवरून ठरवतात, म्हणजे वीस धडधाकट माणसांतला एक जण कुठल्याही टेस्टमध्ये रेंजच्या बाहेर निघणारच, आणि तू तर एका वेळी पंधरा-वीस टेस्टचं पॅकेज करून आलीस, त्यात एखादा आकडा लाल येणं अगदी स्वाभाविक आहे. स्वादुपिंडाला सूज आहे असं म्हणायला लायपेज सहसा वरच्या लिमिटच्या तिपटीच्या पुढे लागतं. तुझी लिमिट ६०, म्हणजे १८०. तू ७८ वर आहेस. पोटातल्या त्या बारक्या गाठी एक सेंटीमीटरच्या आतल्या आहेत असं तूच लिहिलंयस, तशा पुष्कळ निरोगी लोकांच्या सोनोग्राफीत दिसतात. ग्रेड वन फॅटी लिव्हर सहसा दुखत नाही, पण शुगर, वजन आणि रोजच्या सेव-नमकीनकडे बघ, तेवढं ते सांगतंय. एंडोस्कोपीत तपासणीसाठी तुकडा (बायोप्सी) काढला होता का ते मात्र विचार, त्याचा रिपोर्ट वेगळा आणि उशिरा येतो, आणला नसशील तर आण. एच पायलोरी, म्हणजे जठरात राहणारा जंतू, बघितला होता का तेही.

आता गव्हाचं. शेजारणीनं सांगितलं म्हणून तू पोळी बंद केलीस आणि थोडं बरं वाटलं. आपण मालव्यातली माणसं, दोन्ही वेळा पोळी, आणि गहू न सोसण्याचा सीलिअॅक आजार गहू खाणाऱ्या उत्तरेकडच्या भागात जास्त सापडतो, पण त्याची रक्ताची टेस्ट गहू खात असतानाच करायची असते, बंद केल्यावर खोटी नॉर्मल येऊ शकते. म्हणून परत पोळी कधी आणि किती दिवस खायची हे डॉक्टरांना विचारून टेस्ट करून घे, नाहीतर आयुष्यभर उगाच पोळी सोडून बसशील.

जुलाबानंतर सुरू झालं हे तू पत्रात सहज लिहून पुढे गेलीस, मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पोटाच्या इन्फेक्शननंतर साधारण दहात एकाला आयबीएस, म्हणजे आतडं हळवं होऊन पोट वारंवार दुखण्याचा आणि शौच बिघडण्याचा त्रास, मागे लागतो, जंतू जातात पण आतड्याच्या नसा हळव्या होऊन बसतात, साध्या गॅसनंही कळ येते. सोनोग्राफीत हे दिसत नाही. तुला तोच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण डॉक्टरांना सरळ विचार, आणि स्टूलची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट करायची का तेही, त्यातून आतड्याला खरी सूज आहे का याचा अंदाज येतो. पाळीच्या तारखाही सांग, दुखणं त्या दिवसांत वाढत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार व्हायला हवा, आणि तो नॉर्मल सोनोग्राफीनं बाद होत नाही.

डॉक्टरांनी दिलेली ती रात्रीची छोटी गोळी नवऱ्यानं गूगल करून डिप्रेशनची आहे म्हटलं आणि तू फेकून दिलीस. अगं, त्याच औषधाचा अगदी कमी डोस पोटाच्या नसा शांत करायला देतात, तुला वेडी ठरवायला नाही. डॉक्टरांनी हे समजावून सांगायला हवं होतं.

आता चौथा डॉक्टर शोधू नकोस. तिघांतल्या ज्यांनी तुझं जास्त ऐकलं त्यांच्याकडेच जा, सगळे रिपोर्ट तारखेनं लावून ने, आणि दोन आठवडे वहीत लिही की कधी दुखलं, काय खाल्लं, शौचाला गेल्यावर कमी झालं की वाढलं. दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं घेतेस तेही सांग, त्यांतल्या काहींनी पोटाला त्रास होऊ शकतो. नवऱ्याला सोबत ने, बाहेर बसवू नकोस, आत ने. त्याला फक्त एवढं म्हण की मला दुखतंय हे तू मान, बाकीचं डॉक्टर बघतील.

आणि वजन आपोआप उतरायला लागलं, शौचातून रक्त गेलं किंवा काळी शौच झाली, ताप राहिला, दुखण्यानं झोपेतून जाग यायला लागली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. अचानक असह्य कळ, पोट दगडासारखं कडक, उलट्या थांबत नाहीत, गॅससुद्धा पास होत नाही, असं झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सगळ्यांना उठव आणि इंदूरचं सरकारी एमवाय किंवा जे जवळ असेल त्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, घरचे काहीही म्हणोत.

तुझी,
मावशी